मटकीला सेल्समन नसतो

मोठ्या दुकानातली एकही वस्तू आपल्या जागेवर आपोआप येऊन बसलेली नसते. हे मी छातीठोक सांगतो, कारण बरीच वर्षं त्या बसवण्याचंच काम मी केलं. बिस्किटं आणि वेफर्स काढणाऱ्या एका कंपनीत मी मर्चंडायझर होतो. पुण्याच्या पश्चिम भागातली सुपरमार्केटं माझ्याकडे होती. दुकान उघडायच्या आत पोचायचं, गोडाउनमधून खोकी काढायची, रॅक पुसायचा, जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे लावायचा. पुढची रांग अगदी काठापर्यंत ओढून घ्यायची, म्हणजे मागे काही नसलं तरी रॅक भरलेला दिसतो. मग मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवायचा. साहेब तो प्लॅनोग्रामशी ताडून बघत. कुठल्या फळीवर कुठला पुडा, त्याची किती तोंडं बाहेर, याचा तो छापील नकाशा. या तोंडांना धंद्यात फेसिंग म्हणतात, आणि एका फेसिंगवरून दोन कंपन्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर गेलेली मी पाहिली आहेत.

सगळी मारामारी एकाच फळीसाठी. जमिनीपासून चार-पाच फुटांवरची, उभ्या माणसाच्या थेट नजरेत येणारी. तिच्या वरचं बघायला मान उंच करावी लागते, खालचं घ्यायला वाकावं लागतं, आणि घाईतलं गिऱ्हाईक दोन्ही करत नाही. अडीच-तीन फुटांवरची फळी ट्रॉलीला धरून चालणाऱ्या पोरांची. चॉकलेटी सीरियल, आत खेळणं दडवलेली चॉकलेटं तिथे. रॅकच्या टोकाला, वळणावर जी जागा असते ती एंड कॅप. तिच्यासाठी कंपनी दुकानाला भाडं मोजते. दारातल्या जागेचा दर वेगळा, बिलिंग काउंटरलगतच्या स्टँडचा वेगळा. आमचे एरिया मॅनेजर प्रत्येक मीटिंगमध्ये हिंदीत एकच मंत्र म्हणत, "जो दिखता है, वो बिकता है." आणि ते खरंच होतं. पुडा तोच, किंमत तीच. पण एंड कॅप मिळाली की त्या महिन्यात माल भरता भरता हात दुखायचे. मला त्यात तेव्हा काही गैर वाटत नव्हतं. आजही त्या पोरांना मी नावं ठेवणार नाही, त्यांचं ते पोट आहे.

नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. ती कामाला आली २०२३ च्या सुरुवातीला, माझ्या थोरल्या वहिनींचा रिपोर्ट आला तेव्हा. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वर. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. वहिनी त्या गर्दीत नव्याने दाखल झालेल्या. डॉक्टरांनी मैदा, साखर, तळण बंद करून कडधान्यं, पालेभाज्या, ज्वारी-नाचणी वाढवायला सांगितलं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई ती, आळस हा शब्द त्यांच्या गावी नाही. तरी एक दिवस वैतागून फोन केला. "भाऊजी, डॉक्टरांचा कागद पर्समध्ये ठेवून दुकानात जाते, आणि घरी येऊन पिशव्या उपसते तर निम्म्या वस्तू कागदाबाहेरच्या. तुम्ही त्या धंद्यात होतात ना? चला एकदा बरोबर."

गेलो. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे पगार झालेला आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दारातच शीतपेयांच्या दोन लिटरच्या बाटल्यांचा मनोरा. तो ओलांडला की बेकरी, पुढे फरसाणाची एंड कॅप, मग बिस्किटांची सबंध रांग. ज्यासाठी माणूस मुळात दुकानात येतो, ते तेल, तांदूळ, डाळ सगळ्यात आत. ते काही चुकून आत गेलेलं नाही. डाळ तुम्ही घेणारच आहात, मग तिच्यापर्यंत जाताना बाकीचं दुकान तुमच्या नजरेखालून घालायची संधी कोण सोडेल?

वाटेत 'हेल्थ' असा हिरवा बोर्ड लागला, तशा वहिनींचा चेहरा खुलला. त्यांनी मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा उचलला. मी तो त्यांच्या हातात उलटा केला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त ते पहिलं. पहिलं नाव मैदा. मग साखर, मग तेल. समोरच्या चित्रातली गव्हाची लोंबी, ज्वारीचं कणीस, नाचणीचं बोंड ही मंडळी पार खाली, कंसात एकेक-दोन-दोन टक्के घेऊन उभी. वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि वर्गात कॉपी पकडल्यावर ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "असं का!"

मटकी, चवळी, कुळीथ शेवटच्या रांगेत, जमिनीलगतच्या फळीवर होते. वहिनींचे गुडघे दुखतात. एका हाताने रॅकची कड धरून त्या वाकल्या, मटकीचं पाकीट ओढलं, त्यावर धूळ होती. "हिने काय पाप केलंय?"

"हिच्या मागे कोणी नाही, वहिनी," मी म्हटलं. "मटकीला सेल्समन नसतो."

ते मी गमतीत म्हटलं, पण गोष्ट तशीच आहे. कडधान्य दुकान स्वतःच पोत्यांनी आणून पाकिटं भरतं. त्याची जाहिरात नाही, योजना नाही, सकाळी येऊन पाकिटं पुढे ओढणारा पोरगा नाही आणि फळीचं भाडं भरणारं तर कोणीच नाही. लोकांना आरोग्याची समज नाही, इच्छाशक्ती नाही, असं टीव्हीवरचे आहारतज्ज्ञ सांगतात तेव्हा मला ती धुळीची फळी आठवते. इच्छाशक्ती हवी हे खरं. पण एकीकडे नुसती इच्छाशक्ती आणि दुसरीकडे इच्छाशक्ती, फोटो, प्लॅनोग्राम, भाडं आणि पगारी माणसं, असा हा सामना आहे.

याहून मोठा अडथळा मला इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता, तो वहिनींनी दाखवला. सुटी ज्वारी, सुटी नाचणी, गवार, दोडका या सगळ्यांचं वजन आतच करून घ्यायचं. वजनकाट्याशी एक मुलगी, तिच्यापुढे रांग. ती पिशवीला गाठ मारणार, स्टिकर चिकटवणार, तेव्हा ती वस्तू विकत घेण्याजोगी होणार. स्टिकर विसरलात तर बिलिंगवरून परत पाठवणी, मागची माणसं चुकचुकत उभी. वेफर्सना यातलं काही नाही. हात घाला, ट्रॉलीत टाका, कोड आधीच छापलेला. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरच्या जवळपास प्रत्येक गोष्टीला दोन रांगा, आणि कागदावर जिच्यावर काट मारली आहे तिला एकच. तीही चॉकलेटच्या स्टँडला खेटून जाणारी. वहिनींनी त्या रांगेत उभ्या उभ्या समोरच्या लहान मुलाचं आईशी चाललेलं भांडण शांतपणे पाहिलं. मुलगा जिंकला.

आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात फळी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये लाकडी काउंटर होता. आपण यादी वाचायची, त्याने मागून काढून द्यायचं. वहिनींचं माहेर पार्ल्याचं. त्यांची आई मुंबई ग्राहक पंचायतीत सुरुवातीपासून होती. १९७५ पासूनची ही चळवळ. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, माल एका घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. तिथे दुकानच नाही, तर मांडणी कुठली! "आईची यादी जेवणं झाल्यावर व्हायची," वहिनी सांगतात, "पोट भरलेलं, डबे समोर." तरी मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. वाणीही ज्यात त्याला चार पैसे जास्त तेच पुढे करायचा, वेफर्सच्या माळा त्याच्याही दारावर लटकत असायच्या, आणि त्या याद्यांमध्ये डालडा होताच. गिऱ्हाइकाला आत सोडण्याची युक्ती क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या अमेरिकन माणसाची. मेम्फिसमध्ये १९१६ साली त्याने 'पिग्ली विग्ली' काढलं. आत शिरायला फिरतं फाटक, आणि एकदा शिरलात की सगळ्या रांगांमधून फिरूनच बाहेर. दुकानाच्या या रचनेचं त्याने पेटंटसुद्धा घेतलं.

२०२३ च्याच उन्हाळ्यात दादा, वहिनी आणि मी इंग्लंडमध्ये लेस्टरला गेलो. पुतण्या तिथे नोकरीला आहे. लोक किल्ले-राजवाडे बघतात, मी सुपरमार्केटं बघत हिंडलो. "काका, तुम्ही सुट्टीवर आलात की ऑडिटला?" पुतण्या म्हणाला. पण बघण्यासारखं होतंच. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून कायद्याने दुकानाच्या मांडणीत हात घातला आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेला धंदा आणि २,००० चौरस फुटांहून मोठं दुकान असेल, तर चरबी, साखर, मीठ जास्त असलेले ठरावीक प्रकारचे पदार्थ दारात, रॅकच्या टोकांना आणि बिलिंगच्या रांगेत ठेवता येत नाहीत. नेमक्या त्याच तीन जागा, ज्यांच्यासाठी आम्ही इथे जिवाचं रान करायचो! ऑनलाइन दुकानाचं पहिलं पान आणि पैसे भरायचं पान यांनाही तोच नियम. हे मला फार पटलं, कारण दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या आपल्याकडच्या ॲपवर नजरेसमोरची फळी म्हणजे मोबाइलचा पहिला स्क्रीनच.

लेस्टरच्या त्या दुकानात शिरताच फुलं होती, मग स्ट्रॉबेरी, केळी, सॅलडची पानं. बिलिंगपाशी बॅटऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या. वहिनी सबंध रांगेत एकदाही हात पुढे न करता पैसे देऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इथे मला कोणी हाका मारत नाही."

मी मात्र एंड कॅप बघत होतो. तिथे बिअर होती. दारू या नियमात बसत नाही! जागा मोकळी झाली आणि ज्याला परवानगी होती तो येऊन बसला. बिअर, टिशूचे रोल, मांजराचं खाणं. कंपन्याही बसून राहिल्या नाहीत. तिथे पदार्थाला गुण देतात, ४ किंवा जास्त गुण म्हणजे तो बंधनात. मग मीठ-साखर जराशी कमी करून गुण ४ च्या खाली आणायचे आणि माल पुन्हा टोकावर. धूर्तपणा म्हणा, पण खाणाऱ्याच्या पोटात मीठ कमी गेलं हेही खरं. आणि पुतण्याच्या घराच्या कोपऱ्यावर एका गुजराती काकांचं छोटं दुकान होतं, तिथे गल्ल्यासमोर चॉकलेटंच चॉकलेटं. लहान दुकानाला कायदा लागू नाही. कायद्याआधी साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका साखळीच्या काही दुकानांत बिलिंगपाशी ठेवलेला खाऊ हलवून, फळं-भाज्या दाराशी आणून पाहिल्या होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: मांडणी न बदललेल्या दुकानांच्या तुलनेत खाऊची विक्री घटली, फळं-भाज्यांची वाढली. आमच्या एरिया मॅनेजरना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, यात संशोधन कसलं?

आपल्याकडे २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकायला बंदी आहे. दुकानाच्या आत कुठे काय ठेवायचं, हा प्रश्न दुकान आणि कंपनी यांच्यातला.

परत आल्यावर वहिनींनी स्वतःपुरता बंदोबस्त केला. रविवार सोडला, मंगळवारी दुपारी जेवून जातात. ट्रॉली घेत नाहीत, हातात धरायची टोपली घेतात; ती जड झाली की आपोआप हिशेब होतो. बिस्किटांच्या रांगेकडे न वळता भिंतीकडेने थेट मागे जातात. काटा मोकळा असतो, मुलगी आता ओळखीने हसते. साखर उतरली आहे, त्यात औषधाचं आणि चालण्याचं श्रेय किती हे डॉक्टर जाणोत.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. दिवाळीच्या आधी त्या दुकानात दारातच स्टँड उभा राहिला. वर 'श्रीअन्न' असा झळझळीत फलक, ज्वारीच्या कणसाचं चित्र. वहिनी मला मुद्दाम घेऊन गेल्या. "बघा, आली की नाही वर?" स्टँडवर ज्वारीच्या कुकीज, नाचणीचे चिप्स, बाजरीच्या नूडल्स. कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा गुडघ्यावर बसून पुढची रांग काठापर्यंत ओढत होता. हात सफाईदार चालत होता त्याचा. वहिनींनी एक पुडा उलटून वाचला आणि जागेवर ठेवला, अगदी फेसिंग बाहेर येईल असा.

"बाळा, साधी ज्वारी कुठे आहे?"

"साधी?" तो उठून उभा राहिला. "ती मागे, शेवटच्या रांगेत, मॅडम. खालच्या फळीवर. आणि वजन तिथेच करून घ्या हां, काउंटरवर होत नाही."