आमच्या चुलीचा धूर

कसालच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाचे ट्रक धूर ओकत गेले की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. घरच्या चुलीच्या धुराला मात्र मी कधी प्रदूषण मानलंच नाही. प्रदूषण मुंबईचं, चंद्रपूरचं. आमच्याकडे झाडं आणि समुद्राचा वारा, असं मी पुण्यातल्या मित्रांना छातीठोकपणे सांगत आलो.

आईला दम लागू लागला. डॉक्टरांनी आधी बिडीचं विचारलं, मग चुलीचं. तो दुसरा प्रश्न मला अपमानासारखा लागला. पुढे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांचा २००९ सालचा 'लॅन्सेट'मधला लेख कळला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो, आणि जळणाचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे.

तरीही मी अडून बसलो. हा स्वयंपाकघरातला प्रश्न, गावाच्या हवेचा त्याच्याशी काय संबंध?

ही अढी मोडली ती हवेतल्या कणांचं मूळ कसं शोधतात हे वाचताना. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फिल्टरवर गोळा करतात आणि त्यांत काय काय आहे ते तपासतात. सोडियम आणि क्लोराइड समुद्राकडे बोट दाखवतात, सिलिकॉन मातीकडे. लेव्होग्लुकोसान हे रसायन सापडलं, तर कुठेतरी लाकूड, पालापाचोळा जळला आहे. ते डिझेलच्या धुरातून येत नाही. म्हणजे चुलीचा धूर दिसेनासा झाला तरी हवेत त्याची सही राहते. आयआयटी मुंबईचा सहभाग असलेला २०१८ चा अहवाल सांगतो की २०१५ मध्ये भारतीयांच्या वाट्याला आलेल्या बाहेरच्या हवेतल्या या कणांपैकी सुमारे २४ टक्के घरगुती जळणाचे होते. बाहेरच्या हवेतल्या!

थंडीत तिन्हीसांजेला वाडीवर धुराचा आडवा पट्टा तरंगतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, म्हणून धूर वर चढत नाही. त्या पट्ट्याचे मी कौतुकाने फोटो काढले आहेत. त्यात आमच्या न्हाणीतल्या चुलीत जळणाऱ्या चुडतांचा, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांचा, धूरही होता. मी ट्रकवाल्यांना शिव्या घालत होतो, आणि आई रोज त्या धुरात बसून माझ्या आंघोळीचं पाणी तापवत होती. याची मला शरम वाटते.

घरात गॅस आहे, पण पाणी चुलीवरच तापतं. "चुडतां बागेत पडतत, गॅसाचे पैशे कोण देतलो?" आई विचारते, आणि तिचं चुकत नाही. धुराडं बसवलं तर आमचा धूर शेजारच्यांच्या पडवीत. सौर बंब बसवायचं ठरवलं आहे. पावसाळ्यात काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही.