आरशातला दिवा

मोटरसायकल एकट्याने चालवणं आणि दहा जणांनी मिळून चालवणं ही दोन वेगळी कसबं आहेत. पहिलं हातापायांत मुरतं: क्लच, गिअर, ब्रेक, तोल. दुसरं नजरेत मुरावं लागतं, आणि ती नजर पुढच्या रस्त्याइतकीच मागच्या माणसावरही ठेवावी लागते. पुण्याहून महाबळेश्वरला ग्रुपने जाताना मी बरीच वर्षं सगळ्यात शेवटी, म्हणजे स्वीपला असतो. पुढे लीड, मागे स्वीप, मध्ये बाकीचे, अशी आमची मांडणी. शेवटच्या जागेवरून जे दिसतं ते पुढच्या कुणालाच दिसत नाही. त्या जागेने मला जे शिकवलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्याअलीकडे आम्ही जमतो. निघण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं करून काही गोष्टी सांगतो, त्यांतली पहिली कायम एकच असते: मागच्या गाडीचा दिवा आपल्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. तरीही दिसला नाही, तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. सगळ्यांच्या काळजीचं ओझं कुणीच घ्यायचं नाही, आपल्या मागच्या एकाचं घ्यायचं. एवढं पाळलं की बाकीचं आपोआप होतं. आठव्या नंबरची गाडी थांबली, की सातवा हळू होतो, मग सहावा, मग पाचवा, आणि फोन न लावता, हॉर्न न वाजवता बातमी लीडपर्यंत पोहोचते. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे हे सोपं झालंय. पण ग्रुपमध्ये एखादी जुनी बुलेट किंवा स्प्लेंडर असतेच. तिच्या मालकाला दिवा लावायची आठवण मी स्वतः जवळ जाऊन करतो.

दुसरी गोष्ट अंतराची. सरळ रस्त्यावर आम्ही आडव्या जोडीने कधीच चालत नाही, तिरकी रांग धरतो. एक गाडी लेनच्या उजव्या भागात, पुढची डाव्या भागात. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंद, आणि नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंद. वळणं सुरू झाली की तिरकी रांग मोडून एकामागे एक, आणि प्रत्येकात किमान दोन सेकंद. ताशी 60 किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी सुमारे 33 मीटर जाते. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर आपला मेंदू जागा होऊन बोटं लिव्हरवर येईपर्यंतच त्यातला बराच रस्ता संपलेला असतो.

या सेकंदांमध्ये एक फसवणूक लपलेली आहे, आणि ती शेवटच्या माणसालाच भोवते. समजा दहा गाड्या दोन-दोन सेकंदांनी एकामागे एक चालल्यात. गावातल्या गर्दीत वेग ताशी 20 असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीत साधारण 100 मीटर असतात. गाव संपलं, लीडने 60 चा वेग घेतला, त्यामागे प्रत्येकाने आपापली वेळ आल्यावर तोच वेग घेतला, की त्याच दोन-दोन सेकंदांत रांग 300 मीटर लांब होते. कुणीही चुकलेलं नसतं, कुणीही पळालेलं नसतं. पण शेवटच्याला वाटतं, सगळे मला टाकून गेले. तो घाबरून 80-90 ने पाठलाग करतो, आणि पुढच्या गतिरोधकाला रांग पुन्हा आखडते तेव्हा हा पूर्ण वेगात तिच्यात येऊन घुसतो. म्हणून लीडने अडथळा ओलांडल्यावर लगेच वेग घ्यायचा नसतो, मागचे सगळे सुटेपर्यंत जरा वेळ सबुरीने चालायचं असतं. आणि मागच्यांनी मनाशी पक्कं ठेवायचं, की लांब दिसणं म्हणजे मागे पडणं नव्हे.

खेड शिवापूर, मग नीरेचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो, शिरवळ येतं आणि थोड्याच वेळात खंबाटकी समोर उभी राहते. जाताना घाट चढून जायचं आणि येताना बोगद्यातून यायचं, ही इथली कित्येक वर्षांची वहिवाट. चढावर मालाने भरलेले ट्रक रांगत असतात आणि इथेच ग्रुपची खरी परीक्षा होते. लीड एका ट्रकला ओलांडून गेला की दुसऱ्याला त्याच्या मागोमाग ओढ लागते. लीड गेला तेव्हा रस्ता मोकळा होता, एवढंच त्याने पाहिलेलं असतं. आता तो मोकळा आहे का, हे पाहायचं राहून जातं. म्हणून ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या निर्णयाने करायचा. ओलांडून गेलेल्याने हात हलवून मागच्याला बोलवायचंही नाही, कारण त्या हातावर विश्वास ठेवून येणाऱ्याचा जीव त्या हाताच्या ताब्यात नसतो. पुढे गेल्यावर लगेच वेग न टाकता थोडं अंतर मोकळं करायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला शिरायला जागा राहते. मधले दोन ट्रक ओलांडायला पाच मिनिटं लागली तर लागू देत. आरशाचा नियम पाळला जातोय तोवर कुणी हरवत नाही.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागायचं. असा फाटा आला की लीड आपल्या लगेच मागच्या गाडीला बोटाने कडेची जागा दाखवतो. ती गाडी तिथेच, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवते. मी पोहोचलो की माझ्या पुढे रांगेत शिरते. पुढच्या फाट्याला नवा दुसरा उभा राहतो. या पद्धतीत कुणाला रस्ता पाठ असावा लागत नाही, नकाशा बघावा लागत नाही, आणि रांग कितीही ताणली तरी तुटत नाही. फक्त फाट्यावर उभ्या राहिलेल्याने शेवटचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही.

वाईत चहा, पेट्रोल, आणि कृष्णेकाठी ढोल्या गणपतीला नमस्कार. पेट्रोल सगळ्यांनी एकदमच भरायचं, कुणाची टाकी अर्धी असली तरी. मग पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी जेमतेम 12-13 किलोमीटरचं अंतर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे 600 मीटर वर चढतो. या घाटात माझं खरं काम सुरू होतं.

पाठीमागून माणूस वाचता येतो. पुढे चेहरे असतात, बोलणं असतं, आत्मविश्वासाचा आव असतो. पाठीला आव आणता येत नाही. खांदे कानांपर्यंत चढलेले असले, कोपरं ताठ असली, की समजावं हा हँडलला धरून बसलाय, गाडीवर बसलेला नाही. वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेकलाइट पेटला, की समजावं वळणात शिरतानाचा वेग त्याला झेपलेला नाही. हेल्मेट समोरच्या कठड्याकडे वळलेलं असलं, तर गाडीही तिकडेच ओढली जाणार. डोळे जिथे जातात तिथे चाक जातं. डाव्या वळणावर गाडी आपली लेन सोडून समोरच्याच्या लेनमध्ये वाहत जाते, हा नव्या माणसाचा ठरलेला दोष. उजव्या वळणावरचा दोष जाणत्यांच्याही लक्षात येत नाही: चाकं मधल्या रेषेच्या आत असतात, पण कललेलं अंग आणि डोकं रेषेपलीकडे गेलेलं असतं, आणि समोरून एसटी वळण घेत येत असते. लांब गाडीला अरुंद वळणात सगळा रस्ता लागतो. वळणाबाहेर आवाज ऐकून तिला आधी येऊ द्यावं, यात कसलाही कमीपणा नाही.

एका पावसाळी राइडला एक मुलगी पहिल्यांदाच घाटात आली होती. पसरणीच्या पहिल्या काही वळणांतच तिचा ब्रेकलाइट मला सगळं सांगून गेला. पुढच्या रुंद जागी थांबलो तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. शिकवायचं ते चारचौघांत शिकवू नये. ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष लाज झाकण्यात जातं.

"वेग वळणाआधीच कमी कर. आत शिरल्यावर ब्रेक नको, थोडा थोडा थ्रॉटल ठेव. आणि नजर वळण जिथे संपतं तिथे टाक."

"काका, मी सगळ्यात शेवटी राहू का? तुमच्या पुढे?"

"नको. तू दुसऱ्या नंबरला ये, लीडच्या बरोबर मागे. तो जिथे हळू होईल तिथे हळू हो, तो जशी वळणं घेईल तशी घे."

"मग सगळ्यांना माझ्यामुळे हळू जावं लागेल."

"हो, जावं लागेल. त्यासाठीच तर एकत्र निघालोय."

नवख्याला दुसऱ्या जागी ठेवणं हा ग्रुप राइडमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम आहे. फाट्यावर थांबायचं काम त्या दिवशी तिसऱ्या नंबरवर जातं. नवख्याला शेवटी ठेवलं तर रांगेच्या ताणाचा सगळा भार त्याच्यावर पडतो. दुसरा ठेवला तर लीडच्या आरशात तो सतत असतो आणि लीड त्याच्याच वेगाने चालतो. सगळ्या ग्रुपचा वेग न बोलता त्याच्या बेताचा होतो. त्या दिवशी पाचगणी येईपर्यंत तिचा ब्रेकलाइट वळणाआधी पेटून वळणात शिरताना विझू लागला होता. मला मागून ते इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचा आनंद आजही ताजा आहे.

घाटात गाडी बंद पडली तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. क्लचची वायर तुटणं, पंक्चर होणं हे चालायचंच. माझ्याकडे पंक्चर किट, पान्हे, स्पार्क प्लग, क्लच वायर आणि प्रथमोपचाराची पेटी असते. पण सामानाहून मोठी गोष्ट ही, की बंद गाडीपाशी सगळ्यांनी थांबायचं नाही. दहा जणांनी आंधळ्या वळणावर घोळका केला, तर एका बिघाडाचा अपघात व्हायला वेळ लागत नाही. स्वीप थांबतो, फार तर आणखी एक जण. बाकीच्यांनी पुढच्या रुंद जागेपर्यंत जायचं आणि तिथे वाट पाहायची. बंद गाडी वळणात उभी न करता ढकलून वळणापलीकडे न्यायची, आणि एकाने मागे जाऊन येणाऱ्या वाहनांना हात दाखवत उभं राहायचं.

पाचगणी जवळ आली की हवा बदलते. या उंचीला हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर 100 मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. समुद्रसपाटीला जोमाने ओढणारी 100 सीसीची गाडी दोन माणसं घेऊन इथे दुसऱ्या गिअरवर यावी यात तिचा दोष नाही, आणि चालवणाऱ्याचाही नाही. तिला तो गिअर वापरू द्यायचा, मागून हॉर्न देऊन घाई करायची नाही. पावसाळ्यात टेबललँडखालून धुकं रस्त्यावर उतरतं. काच आतून धुरकटते, ती बोटभर उघडी ठेवायची. आरशावर थेंब बसतात आणि मागचा दिवा पुसट होत जातो, तेव्हा आम्ही वेग इतका कमी करतो की अंतर कमी ठेवूनही थांबता यावं. जांभा खडकाची लाल माती ओल्या डांबरावर वाहून आलेली असते. वळणावर बसच्या टाकीतून सांडलेलं डिझेल पसरून इंद्रधनुषी दिसत असतं. लीडला दिसलं की तो बोट खाली दाखवतो, आणि ते बोट प्रत्येकाने मागे पोहोचवायचं असतं. एकाने कंटाळा केला की इशारा तिथेच संपतो, आणि धोका मात्र मागच्यांसाठी शिल्लक राहतो.

गुरेघर मागे टाकून, वेण्णा तलावाच्या कडेने आम्ही महाबळेश्वरात शिरतो. बहुतेक वेळा तसेच पुढे क्षेत्र महाबळेश्वरला जातो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. सकाळी वाईत जिच्या काठी थांबलो, तिच्या उगमाशी सगळ्यांनी मिळून पोहोचायचं, यात मला मनापासून समाधान वाटतं. मोजून दहा निघाले होते, मोजून दहा उभे आहेत.

उतरताना काम वाढतं. दमलेलं अंग, घरची ओढ, आणि खाली ओढणारा उतार. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी इंजिनावर धरायची, ब्रेक फक्त गरजेपुरता. सतत ब्रेक दाबून उतरलं की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका हवा तेव्हा पुरेसा लागत नाही. न्यूट्रलवर गाडी सोडून देण्याचा मोह पेट्रोल वाचवण्यासाठी होतो, पण त्यात इंजिनाचा आधारच सुटतो. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायद्याचा नियम आहे आणि घाटाची रीतही.

नवा लीड निवडायची वेळ आली की तरुण मुलं मला विचारतात, सगळ्यात छान कोण चालवतं? मी ते बघत नाही. कोण फाट्यावर किती वेळ उभा राहिला ते बघतो. रांगेतल्या सगळ्या गाड्या निघून गेल्यात, शेवटची अजून आलेली नाही, ऊन तापलंय किंवा पाऊस लागलाय, समोरच टपरीवर चहा उकळतोय, आणि तरी हा आपल्या गाडीपाशी रस्त्याकडे बघत उभा आहे. असा मुलगा असो की मुलगी, वळणं कशी घ्यायची हे त्याला शिकवता येतं. शेवटच्याची वाट पाहणं मला अजून कुणाला शिकवता आलेलं नाही; ते ज्याच्यात आहे, त्याच्या हाती मी पुढची राइड निश्चिंतपणे सोपवतो.