मायना

माझ्या हातून गेलेलं पहिलं पत्र माझं नव्हतं. १९८४ सालची वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघते, दिवे घाट चढते आणि आमच्या सासवडला दोन रात्री विसावते. त्या दोन दिवसांत गावातली एकही पडवी रिकामी राहत नाही. त्या वर्षी आमच्याकडे परभणीकडची माणसं उतरली होती. मी नववीत होते. आई चुलीवरून पिठल्याचं पातेलं उतरवत होती, मी ताटं मांडत होते, तेवढ्यात भिंतीला टेकून पाय चेपत बसलेल्या एका आजींनी मला जवळ बोलावलं. झोळीतून त्यांनी एक कोरं पोस्टकार्ड काढलं. पावसानं त्याचा एक कोपरा मऊ पडला होता.

“लिव्हता येतं न्हवं, बाय? घरला दोन अक्षरं लिव्ह. म्हणावं, पाय चालतेत. म्हस दिवसांत आलीय, तिच्याकडं ध्यान ठिव.”

शाळेत पत्रलेखन पाठ होतं. मी ऐटीत विचारलं, “पत्र कुणाला? मायना काय घालू?”

“सुनंला.”

“मग ‘चि. सौ.’ लिहिते.”

“ते काय ऱ्हातं? माउली लिव्ह.”

“पण आजी, त्या तुमच्याहून लहान ना?”

“असू दे की. वारीत समदे माउली. लिव्ह तू.”

मी ‘माउली’ लिहिलं. गंगाखेडजवळच्या त्यांच्या गावाचा पत्ता घातला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे वर उजव्या कोपऱ्यात आमच्या घराचाही पत्ता लिहिला. पुढची चाळीस वर्षं त्या कोपऱ्यातून उगवली.

पंधरवड्यानं आमच्या नावे त्या सुनेचं कार्ड आलं. टाक बुडवल्यासारखं जाड, एकेक अक्षर सुटं काढलेलं. वरती ‘माउली’. खाली मजकूर असा की, म्हैस व्याली, रेडी झाली, आत्याबाई आता पंढरपुराजवळ असतील, त्यांना कसं कळवू? कार्ड लिहिणाऱ्या ताईंनीच हे वाचावं आणि आमच्या वतीनं आनंद मानावा.

मी ते कार्ड हातात घेऊन परसात गेले आणि कधी न पाहिलेल्या घरातल्या, कधी न पाहिलेल्या रेडीचा आनंद मानला. खरंच मानला. मग तिला तसं कळवायला बसले. तिथून आमचं लिहिणं सुरू झालं.

आपल्याकडे पत्राचं सगळं नातं मायन्यात ठरायचं. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’. आजोबांच्या पत्रांत तर ‘शि. सा. न. वि. वि.’ अशी अक्षरांची माळच असे आणि पुढे ‘पत्रास कारण की’. कोण मोठं, कोण लहान, कुणी वाकायचं, कुणी हात उचलून आशीर्वाद द्यायचा, हे पहिल्या ओळीतच मिटलं की मग पुढचं बोलता यायचं. ज्यांना हे मिटवता आलं नाही, त्यांचं काय झालं, याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयानं पाहावं तर समोर पोर, ज्ञानानं पाहावं तर गुरू. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? मायनाच सुचेना. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती ‘चांगदेव पासष्टी’.

ही गोष्ट मी शाळेत शिकले तेव्हा चमत्काराची वाटली होती. पत्रं लिहायला लागल्यावर ती मला मायन्याची वाटू लागली. चांगदेवांना जे अडलं, ते आमच्या पडवीतल्या निरक्षर आजींनी एका शब्दात सोडवलं होतं. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. आजींनी तीच रीत कार्डावर आणली. पहिली ओळ ‘माउली’ अशी लिहिली की दुसऱ्या ओळीत तोरा येत नाही आणि लाचारीही येत नाही. मी कित्येकदा रागानं लिहायला बसले आहे, आणि तो शब्द काढता काढता हात निवला आहे.

पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर रुंद आणि नऊ उंच. पाठची अख्खी बाजू आणि पत्त्याशेजारचा अर्धा भाग, एवढीच जागा. पहिली काही वर्षं मी ती वाया घालवली. ‘इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी’ यात तीन ओळी जायच्या, पाऊसपाण्यात दोन. तिची कार्डं मात्र वेगळी असायची. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिला शिष्टाचाराच्या ओळी येत नव्हत्या, म्हणून ती थेट दिसलेलं लिहायची. ‘आज कापूस वेचताना बोंडात लाल किडा सापडला. फार सुंदर होता. मारला नाही.’ एवढंच. मी ते दिवसभर मनात घोळवत राहिले. आपल्याकडे आज काय सुंदर होतं, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. ते कार्ड विचारत होतं.

मग मी नियम धरला. दर रविवारी एक कार्ड, आणि कार्डात एक तरी अशी गोष्ट, जी त्या आठवड्यात मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. ऐकलेली नाही, वाचलेली नाही, पाहिलेली. नियम सोपा वाटतो, पण गुरुवार-शुक्रवारपर्यंत काही सापडलं नाही की जीव कासावीस होतो आणि माणूस आपोआप बघायला लागतो. लग्न होऊन मी जवळच्याच गावात अंजिराच्या बागेत आले. अंजीर पहाटे तोडायचं असतं. देठ मोडला की पांढरा चीक येतो, तो बोटांना लागला की दिवसभर चुरचुरतं. वर्षाला दोन बहार, पावसाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्याकडे येणारा मीठा. पहाटेच्या अंधारात पिकलं फळ डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. कच्चं फळ ताठ उभं असतं, पिकलेलं मान टाकतं. सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं, पण मी ते पहिल्यांदा पाहिलं, ते तिला लिहायचं होतं म्हणून. ‘पिकलं की मान खाली घालतं,’ असं लिहिलं आणि तेव्हा मलाच त्यातलं जास्तीचं काही उमगलं.

आणखी एक गोष्ट कार्डानं शिकवली. कार्ड उघडं असतं. आमचे पोस्टमन काका ते वाटेत वाचायचे आणि लपवायचेही नाहीत. सायकल टेकवून विचारायचे, “त्यांच्या कालवडीचा पाय बरा झाला म्हणायचा.” तिकडे तर तिच्या सासूबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवलं जायचं, शेजारच्या चार बाया ऐकायला बसायच्या. असं उघड्यावर लिहिताना कुणाची उणीदुणी काढता येत नाहीत. पण म्हणून खोटंही लिहायचं नाही. घरात भांडण झालं असेल तर मी लिहायची, ‘आज भाकरी करपल्या. कुणी काही बोललं नाही.’ तिला जे कळायचं ते कळायचं. सगळ्यांसमोर वाचता येईल असं आणि तरी एकीलाच कळेल असं लिहिणं, ही या चौदा बाय नऊच्या जागेतली खरी कारागिरी. ती यायला मला दहा वर्षं लागली.

आपल्या देशात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, किंमत पाव आणा. मी लिहायला लागले तेव्हा ते पंधरा पैशांना मिळायचं, पुढे पन्नास पैसे झाले. त्याच्यावर जे सहा आकडे लिहितो तो पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, नाटककार. पहिला आकडा देशाचा भाग सांगतो, पहिले तीन मिळून जिथे टपालाची छाननी होते तो जिल्हा, आणि शेवटचे तीन थेट वाटपाचं पोस्ट. हे कळल्यापासून ते आकडे लिहिताना मला छंदात बसवलेले वाटतात. एका कवीनं देशभरातली गावं मोजून सहा अक्षरांच्या चरणात घातली, म्हणून माझी अंजिरं तिच्या अंगणात पोचली.

१९९४ साली माझं दुसरं बाळ सातव्या दिवशी गेलं. त्यानंतर मी लिहिलं नाही. देवापुढे दिवा लावणं सोडलं. त्या वर्षी पालखी आली तेव्हा मी दार लावून आत बसले, बाहेर टाळ वाजत होते आणि मला ते नको होते. तिला माझ्या आईनं कळवलं होतं, रीतीप्रमाणे कोपरा फाडलेल्या कार्डानं. तिचं सांत्वनाचं पत्र येईल, त्यात देवाची मर्जी वगैरे असेल, या विचारानंच मला धास्ती वाटत होती.

तसं पत्र आलंच नाही. पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं कार्ड आलं. ‘माउली, जात्याचा खुंटा सैल झाला होता. बाभळीचा नवा ठोकला.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात, ‘माउली, गोदावरीला पाणी आलं. काठावरची माती लाल झाली.’ मग, ‘माउली, पारिजातकाखाली सकाळी बसले होते. उठायला उशीर झाला.’ मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. ती लिहीत राहिली. बारा कार्डं झाली. तेरावं आलं तेव्हा मी बागेत गेले, मीठ्या बहाराची पहिली फळं धरली होती. वाटाण्याएवढी, हिरवी, अंगावर बारीक लव. परत येऊन तेवढंच लिहिलं. पेटीत कार्ड टाकलं, ते तळाशी पडल्याचा हलका आवाज ऐकला आणि घरी येऊन दिवा लावला. कुणी सांगितलं म्हणून नाही. पेटीत टाकलेलं कार्ड दिसत नाही, तरी ते चालत असतं, हे मला दहा वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. त्या दिवशी त्याच ठाऊकपणानं मी विठोबापुढे बसले.

तिची माझी पहिली भेट झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आजींचे पाय थकले, म्हणून त्यांच्या जागी ती वारीला निघाली. सासवडच्या मुक्कामात दिंडीची परवानगी काढून माझ्या घरी आली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेली, मानेवर त्याचा वळ. मी दारात वाकले, तीही वाकली. मग पाणीसुद्धा न पिता तिनं विचारलं, “ते मधमाश्यांचं पोळं कुठल्या खांबाला?” मी दाखवायच्या आधीच ती तिकडे निघाली होती. मागच्या दारातली फुटकी पायरी, सासूबाईंचं जुनं घंगाळ, पूर्वेकडचं तिसरं अंजीर, ज्याची फळं आधी पिकतात, ती एकेकापुढे जाऊन उभी राहत होती. पहिल्यांदा ती माझ्या घरी आली होती आणि तिनंच मला माझं घर दाखवलं. निघताना मी बाळाचा विषय काढला, त्या कार्डांबद्दल काही बोलायला गेले. ती म्हणाली, “मी जनाबाईच्या गावाकडची. देव जात्यापाशी येतो एवढंच आमाला ठावं. म्हणून जात्याचं लिव्हलं.”

आता दोघींकडे मोबाइल आहे. आम्ही फोनवर बोलतो, नातवंडांचे फोटो बघतो. फोनवर ती जेवली का, औषध घेतलं का, हे विचारून होतं आणि बोलणं संपतं. लाल किडा फोनवर येत नाही. तो यायला रविवार लागतो, खिडकीशी बसणं लागतं, आणि समोर कुणी नाही तरी कुणीतरी आहे, असा लिहिण्यातला शांतपणा लागतो.

तिची सगळी कार्डं आमच्या माजघरात आहेत. जुन्या रीतीनं, आढ्याला टांगलेल्या तारेच्या आकड्यात ओवलेली. तीन तारा भरल्या. प्रत्येक कार्डाला मध्ये भोक आहे आणि त्या भोकात एखादं अक्षर गेलेलं आहे. वाचताना ते मी मनानं भरते.

गेल्या माघात तिच्या नातीकडून फोनवर कळलं, आजीच्या हाताला कंप सुटलाय, लिहिता येत नाही. त्या रविवारी मी नेहमीसारखं कार्ड टाकलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्ता नातीच्या अक्षरात. उलटून पाहिलं तर पाठची बाजू जवळजवळ कोरी. वरती फक्त एक शब्द, तिच्या हाताचा. ‘मा’चा काना लांब घसरत गेलेला, ‘ली’ची वेलांटी दोनदा काढलेली. माउली. पुढे काही नाही.

ते कार्ड मी तारेत ओवलं नाही. भोक नेमकं त्या शब्दातून गेलं असतं. देव्हाऱ्यात विठोबाच्या तसबिरीला टेकवून ठेवलं आणि उत्तर लिहायला बसले. आज पहाटे पूर्वेकडच्या तिसऱ्या झाडाचं पहिलं फळ मान टाकून होतं, तिथून सुरुवात केली.