एका मुठीतल्या गोळ्या

गेल्या वर्षी आमच्या मंडळींचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 8 निघाले. बाईमाणसाला ते निदान 12 तरी असावे लागते. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या तीन महिने न चुकता घेतल्या आणि पुन्हा तपासले, तर 8.4! आम्ही चिडलो. फुकटच्या गोळीत काय दम असणार, असे विहारात वंदना आटोपल्यावर चारचौघांत बोलूनही गेलो. आज त्याची लाज वाटते. दोष गोळीचा नव्हता, आमचा होता.

आम्ही अंबरनाथला राहतो. मंडळी उल्हासनगरला पाच नंबरला जीन्सचे धागे कापायला जातात. सकाळी शेअर रिक्षा गाठायची घाई असते, म्हणून गोळ्या काढून हातावर ठेवण्याचे काम आमच्याकडे. आम्ही सगळ्या गोळ्या एकाच मुठीत द्यायचो आणि त्या चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या. त्यात आम्हाला शिस्त वाटायची.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात आहेत त्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा." पिशवी टेबलावर उपडी केली. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल आणि वरून जळजळीचे गुलाबी औषध. पँटोप्राझोल पाच वर्षांपूर्वी एका महिन्यासाठी लिहून दिलेली होती. बरे वाटले म्हणून पुढे आम्हीच दुकानातून आणत राहिलो.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो शौचाच्या रंगाचा. मंडळी लाजल्या. लोहाच्या गोळीने शौचास काळे होतेच, त्याला भिण्याचे कारण नाही. पण डांबरासारखे चिकट, घाण वासाचे काळे झाले तर पोटात रक्त जात असू शकते, आणि दुखण्याच्या गोळ्या पोटात जखम करतात. लोहाच्या गोळीमुळे असेल म्हणून माणूस गप्प बसतो आणि रक्त जातच राहते. मंडळींची तपासणी झाली, तसे काही निघाले नाही. ते चार दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक.

मग बाईंनी उलगडून सांगितले. भाजी-धान्यातले आणि गोळीतले लोह अंगी लागायला पोटातले आम्ल लागते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या ते आम्लच कमी करतात, तेही दिवसभर. म्हणून दोन गोळ्यांत थोडे अंतर ठेवून फारसे भागत नाही. जळजळीच्या पातळ औषधाचे मात्र निराळे. त्यात आणि लोहात निदान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमही लोहाला अडवते आणि चहा तर अडवतोच. म्हणजे आम्ही रोज सकाळी एका हाताने लोह देत होतो आणि त्याच हाताने ते परत घेत होतो.

मांस, कलेजी यांतल्या लोहाला आम्लाची तितकी गरज पडत नाही. आमची आजी बाळंतिणीला कलेजी खाऊ घाली, तिला हे कोणी शिकवले होते कोण जाणे.

दुखण्याची गोळी बंद झाली. अ‍ॅसिडिटीची गोळी हळूहळू कमी केली, एकदम सोडली तर जळजळ उलटून येते. आणि हे डॉक्टरला विचारूनच. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या काहींना ही गोळी पोटाच्या रक्षणासाठीच दिलेली असते, त्यांनी आमचे ऐकून सोडू नये. लोहाची गोळी आता दोन जेवणांच्या मधे, लिंबूपाण्याबरोबर.

जळजळीचे मूळ आमच्या रात्रीत होते. दहाला जेवायचे आणि खोली लहान म्हणून लगेच अंथरूण घालायचे. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत तथागतांकडे येतो. तथागत त्याला मात्रेने जेवायला सांगतात, आणि राजा जेवताना त्याची आठवण करून द्यायला एका तरुणाला नेमतो. आमच्याकडे हे काम नात करते. आता आठला जेवण, मग उष्ट्या भांड्यांचा निपटारा, नंतर गप्पा.

पुढच्या तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2 आले. विहारात जे बोललो होतो ते त्याच चारचौघांसमोर मागे घेतले.

मेहुणी बदलापूरला असते. तिला साखरेचा आजार आहे, मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दोन्ही कित्येक वर्षे चालू आहेत. आता तळपायाला मुंग्या येतात म्हणते, साखरेनेच येत असतील असे तिने स्वतःच ठरवून टाकले आहे. साखरेनेही येतात. पण या दोन्ही गोळ्यांनी दीर्घकाळात बी-12 जीवनसत्त्व कमी पडू शकते, त्यानेही मुंग्या येतात, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळते. येत्या रविवारी आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. पट्ट्या पिशवीत भरून ठेव, असा निरोप मंडळींनी कालच धाडला आहे.