आंतून लावलेलें ठिगळ

जुन्या मोटारीचें एंजिन दुरुस्त करणाऱ्या मनुष्याबद्दल लोकांना आदर वाटतो. पण तिच्या बैठका, दरवाज्यांचे पुठ्ठे आणि छताचें अस्तर यांच्या मागें लागलेल्या मनुष्याकडे ते थोड्याशा कींवेनेंच पाहतात. एंजिनावांचून गाडी चालत नाहीं, फाटक्या गादीवर मात्र ती खुशाल चालते, हा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु एंजिनाशीं आपली ओळख फार तर यांत्रिकाच्या मार्फत होते. अंग टेकतें तें गादीला, कोपर टेकतें तें दरवाज्याला. एखाद्या कुटुंबानें आपल्या गाडींत तीस वर्षें कशीं घालविलीं हें पाहावयाचें असेल, तर बॉनेट उघडून उपयोग नाहीं. दार उघडलें पाहिजे.

आमच्या घरची गाडी १९७० सालची फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. हीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि त्या नांवाची मुंबईंतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. ती बातमी वाचली आणि माझ्या मनानें उचल खाल्ली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं, आणि त्यांची गाडी इमारतीमागच्या पत्र्याच्या छपराखालीं धूळ खात उभी होती.

अण्णांनीं नांव नोंदवून गाडीसाठीं कांहीं वर्षें वाट पाहिली होती. त्या काळीं मोटार ही केवळ पैसे टाकून घेण्याची वस्तु नव्हती. पाळी येईल तेव्हां मिळण्याची वस्तु होती. ती घरीं आल्यावर पहिलें वर्षभर त्यांनीं बैठकांवरचें प्लास्टिकहि काढूं दिलें नाहीं. पुढें ‘उन्हाळ्यांत पाठ भाजते’ म्हणून आईनें तें काढविलें, तेव्हां आंतून निघालेलें तें फिकट राखी रंगाचें रेक्झिन पाहून आम्हां मुलांना नवी गाडी आल्याचा आनंद दुसऱ्यांदा झाला.

त्या रेक्झिनशीं माझा एक खासगी इतिहास आहे. १९७५ च्या मे महिन्यांत आम्ही वाईला निघालों होतों. खंडाळ्याच्या घाटांत गाडी तापली. अण्णांनीं चाकांमागें दगड लावले, बॉनेट उघडलें, आणि पाणी निवण्याची वाट पाहत ते कठड्यावर बसले. आई बहिणींना घेऊन सावलींत गेली. मी दहा वर्षांचा होतों, आणि सुटींतल्या अभ्यासाच्या निमित्तानें माझ्याजवळ कंपासपेटी होती. कर्कटकाचें टोंक रेक्झिनमध्यें किती सहज शिरतें हें मला त्या दिवशीं कळलें. पहिलें भोंक कुतूहलानें पाडलें. दुसरें पहिल्याला सोबत म्हणून. आणि मग त्या दोहोंना जोडणारी चार बोटें लांब चीर केव्हां पडली हें समजलेंच नाहीं. पावलें वाजलीं तसा मी सरकून त्या चिरेवर बसलों.

त्या चिरेवर मी पुढें सहा-सात वर्षें बसत होतों. ती बैठकीच्या बरोबर मध्यावर होती. मधली जागा म्हणजे गाडींतली सर्वांत वाईट जागा. पायांखालीं उंचवटा, दोन्ही अंगांना बहिणींचीं कोपरें, आणि खिडकी नाहीं. ती मी होऊन मागून घेऊं लागलों. दोन्ही खिडक्या धाकट्या बहिणींना देणाऱ्या या भावाचें नातेवाइकांत कौतुक झालें. मावशीनें तर आपल्या मुलांपुढें माझा दाखला ठेवला. अण्णा मात्र या कौतुकांत कधीं सामील होत नसत. ते आरशांतून एकदां माझ्याकडे पाहत आणि स्टिअरिंगखालचा गिअर टाकीत.

गाडी करावयाची ती अगदीं कारखान्यांतून निघाली तशी, असा आतां माझा हट्ट होता. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडतां हिंडतां एका वृद्ध कुशनवाल्या मिस्त्रींची गांठ पडली. गाडी पाहावयास आले तेव्हां त्यांनीं तिच्याभोंवतीं फेरी मारली नाहीं. सरळ दार उघडून ते आंत बसले आणि गादीवरून हात फिरवूं लागले.

त्यांच्याकडून मला बरेंच कळलें. रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेला प्लास्टिकचा थर. त्याला मऊपणा देणारें द्रव्य उन्हानें हळूहळू निघून जातें, आणि मग थर कडक होऊन तडकतो. रॉकेलनें किंवा पेट्रोलनें पुसून गादी चकचकीत करणारे लोक हा मऊपणा अधिकच लवकर घालवितात. खरें पाहतां तिला सौम्य साबणाचें पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फाटतें तें बहुधा शिवणीपाशीं, कारण सुईच्या भोंकांची रांग म्हणजे फाटण्यासाठीं आंखून दिलेली रेषाच. दरवाज्यांचे पुठ्ठे खालून फुगले होते. कांचेच्या फटींतून दारांत उतरणारें पावसाचें पाणी ज्या पडद्यानें अडवावयाचें, तो पडदाच कुजला होता. जुनी खोळ फाटकी म्हणून फेंकून द्यावयाची नसते. ती उसवून, सपाट पसरून, तिच्यावरूनच नवी बेतावयाची असते.

मागची बैठक त्यांनीं उचलून उलटी केली. खोळ खालच्या चौकटीला तारेच्या कड्यांनीं बांधलेली असते. पक्कड घालण्यापूर्वीं ते थांबले.

“साहेब, ही गादी पूर्वीं कोणीतरी उघडलेली आहे. या चार-सहा कड्या कारखान्याच्या नाहींत. साध्या तारेच्या, हातानें वळविलेल्या आहेत. कारागिराचें काम नाहीं, पण जीव लावून केलेलें आहे.”

या गाडीला कोणाचा हात लागलेला नाहीं, असें मी अभिमानानें म्हणणार, तोंच त्यांनीं खोळ उलटली. काथ्या आणि तरट बाजूला झालें. आणि रेक्झिनच्या आंतल्या अंगाला, बरोबर मध्यावर, काळ्या कापडाचें एक ठिगळ दिसलें. चारी कडा सरळ कापून तें सोल्यूशननें चिकटविलेलें होतें. कापड छत्रीचें होतें. त्यावर पांढऱ्या रंगाचीं दोन अक्षरें होतीं: ‘कर’. पावसाळ्याच्या तोंडाशीं छत्र्यांवर नांवें घालून घेण्याची रीत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. तें आमच्या आडनांवाचें शेंपूट होतें, आणि ती छत्री अण्णांची होती.

“म्हणून ही चीर वाढली नाहीं,” मिस्त्री म्हणाले, “नाहीं तर दोन वर्षांत हातभर झाली असती.”

म्हणजे अण्णांना ठाऊक होतें. केव्हांतरी, मी शाळेंत असतांना, त्यांनीं ती जड बैठक एकट्यानें बाहेर काढली असेल, ठिगळ लावलें असेल, कड्या वळवून ती जागच्या जागीं ठेवली असेल. वरून चीर तशीच दिसत राहिली. त्यामुळें मला कांहींच कळलें नाहीं, आणि मी तिच्यावर इमानानें बसत राहिलों. त्यांनीं मला कां सांगितलें नाहीं? क्षमा केली म्हणावें, तर मधल्या जागेची शिक्षा त्यांनीं चालूंच दिली. माझ्या खोट्या मोठेपणाची त्यांना गंमत वाटत होती, कीं सवयीनें तो पुढेंमागें खरा होईल अशी आशा होती? त्यानंतर छत्तीस वर्षें आम्ही एका घरांत राहिलों. त्यांच्या शेवटच्या आजारांत रात्र रात्र बोलत बसलों, तेव्हां ही गोष्ट दोनदां माझ्या ओठांवर येऊन परत गेली. एवढी क्षुल्लक गोष्ट आतां काय सांगावयाची, असें मीं स्वतःला समजाविलें. ज्यानें कबुली दिली नाहीं, त्याला प्रश्न तरी कोणत्या तोंडानें विचारतां येणार?

ती जुनी खोळ तशीच ठेवावी असें मला वाटूं लागलें. मिस्त्रींनीं मान हालविली. “हें रेक्झिन आतां सुई सोसणार नाहीं. पुन्हां शिवलें तर प्रत्येक टांक्याला फाटेल.” कारागिराशीं भावनेच्या जोरावर वाद घालूं नये. मीं नव्या खोळीला संमति दिली. रंग मात्र तोच ठेवला.

“आणि हें ठिगळ?” त्यांनीं विचारलें.

मीं म्हटलें, “तें नव्या खोळीला आंतून, त्याच जागीं लावा.”

त्याच्यावर आतां फाटलेलें कांहीं नाहीं, मग त्याचा उपयोग काय, असें ते म्हणाले नाहींत. ठिगळ सोडवितांना त्यांनीं चाकू बाजूला ठेवला आणि नखानें तें हळूहळू सुटें केलें. कारखान्यांतून निघाली तशी गाडी करण्याचा माझा हट्ट तेथेंच संपला.

पहिल्या फेरीला धाकटी बहीण आली. तीहि आतां साठीच्या घरांत आहे. मीं तिला सगळी हकीकत सांगितली. तिचे डोळे भरून येतील, निदान तिला हंसूं तरी येईल, अशी माझी अपेक्षा होती. ती एवढेंच म्हणाली, “दादा, म्हणजे ती खिडकी तूं मला प्रेमानें देत नव्हतास तर!”

मी निरुत्तर झालों. मग तिनें मागचें दार उघडलें, आणि सारी बैठक मोकळी असतां, खिडकी सोडून ती मधें जाऊन बसली.