इंफाळ: आयांचा बाजार आणि सुईशी झुंज

इंफाळला गेलेला माणूस ‘इमा कैथेल’ पाहिल्याशिवाय परतत नाही. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. तीन हजारांहून जास्त बायका इथं दुकानं चालवतात. लोकताक सरोवराची मासळी, काळा तांदूळ, हातमागाची फानेक, सगळं मांडून बसलेल्या या आयांशी घासाघीस करताना वेळ कसा जातो ते कळत नाही. पण याच शहरातल्या कित्येक आयांनी १९९० च्या दशकात आपली तरणीताठी मुलं गमावली, हे प्रवाशांच्या नकाशात लिहिलेलं नसतं.

इंफाळहून सुमारे ११० किलोमीटरवर मोरे हे सीमेवरचं गाव आहे. पलीकडे म्यानमार. तिकडून ‘नंबर फोर’ नावाचं हेरॉइन आलं आणि तरुण पोरांनी ते शिरेतून टोचायला सुरुवात केली. सुई सहजी मिळेना, जवळ सापडली तर पकडले जाण्याची भीती. मग एकच सुई चारजणांत फिरायची. १९९० च्या सुमारास, अवघ्या काही महिन्यांत, तपासलेल्या सुईवाल्यांपैकी निम्म्याजणांत एचआयव्ही सापडला.

रात्री मशाली घेऊन फिरणाऱ्या ‘मैरा पायबी’ महिलांनी दारू आणि नशेविरुद्ध आधीच कंबर कसली होती. मुलांना धाक बसला, ती लपून टोचू लागली. आजार मात्र लपून राहिला नाही.

अशा वेळी पुढं आली ती नशेतून बाहेर पडलेली मुलंच. १९९१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी इंफाळमध्ये ‘सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ ही संस्था उभी केली. पोरं कुठं बसतात, कुणाला ताप आहे, कुणाच्या हाताला गळू झालंय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डॉक्टरांपुढं तोंड न उघडणारा मुलगा अशा जुन्या सोबत्यापुढं मोकळा होतो. हा सोबती नवी सुई देतो, वापरलेली परत घेऊन जाड डब्यात टाकतो, जखम धुतो, एचआयव्ही आणि कावीळ ‘सी’च्या तपासणीला सोबत जातो. जास्त डोस होऊन कुणाचा श्वास मंदावला, तर नालोक्झोनचं इंजेक्शन त्याचा जीव वाचवू शकतं. ते वेळेवर द्यायला शेजारी जाणता माणूस हवा.

‘सुया वाटल्या म्हणजे व्यसनाला खतपाणीच!’ असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा सुया दिल्यानं नशा वाढते असा ठोस पुरावा आढळला नाही. एचआयव्हीचा प्रसार मात्र कमी होतो, असं दिसलं. मणिपूर सरकारनं तर १९९६ मध्येच स्वतःचं एड्स धोरण आखून हा मार्ग स्वीकारला होता. पुढं राष्ट्रीय कार्यक्रमात जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आली. तिनं हेरॉइनची तडफड थांबते आणि माणूस कामाला लागू शकतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं असं काम करणाऱ्यांना संरक्षणही दिलं.

मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार उसळला. खोरं आणि डोंगर यांच्यातले रस्ते माणसांना परके झाले. गोळी रोज घ्यायची, सुई रोज नवी हवी. संचारबंदी लागली की हा क्रम तुटतो आणि जुनी सुई पुन्हा हातात येण्याची भीती असते. अशा दिवसांत गल्लीतच राहणाऱ्या सोबत्याचं मोल आणखी वाढतं.

मणिपूरला जायला २०२० पासून ‘इनर लाइन परमिट’ लागतं. परिस्थितीची चौकशी करूनच बेत आखा. कांगला किल्ला पाहा, लोकताकवरची तरंगती बेटं पाहा. आणि परतल्यावर आपल्या गल्लीतला एखादा पोरगा सुईच्या नादी लागल्याचं कळलं, तर दार लावून घेण्याआधी या शहराची आठवण ठेवा. इथल्या मुलांना ज्यांनी हात दिला, ते कधीकाळी त्याच पोरांसारखे होते.