हात जोरात, चेंडू सावकाश

सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूचा खेळ, अशी माझ्या सासूबाईंची अजून समजूत आहे. मैत्रिणींनो, एकदा नडगीला लागला म्हणजे कळतं! घेर १२ इंच, वजन दोनशे ग्रॅमच्या जवळपास, नि चांगला टणक.

माझी धाकटी हा खेळ खेळते. आम्ही मुलुंडला राहतो, ती नववीत आहे. गेल्या वर्षी मुंबई उपनगर जिल्ह्याच्या शालेय सामन्यांत ती दोनदा बाद झाली, दोन्ही वेळा हळू चेंडूवर. जोराचा चेंडू ती छान मारते. हळू आला की हिची बॅट आधीच फिरून मोकळी! पुढच्या वर्षी दहावी. 'ह्यां'नी सांगून ठेवलंय, दहावीला मैदान बंद. म्हणजे निवड व्हायची तर यंदाच, नाहीतर बॅट माळ्यावर. तिला रोज हळू चेंडू टाकणार कोण? मैत्रिणी लांब राहतात, ह्यांची शिफ्ट. राहता राहिले मी.

या चेंडूला 'चेंजअप' म्हणतात. महिलांच्या सामन्यात चेंडू टाकणारी नि मारणारी यांच्यात ४३ फूट अंतर असतं. एक नऊवारी नि एक पाचवारी टोकाला टोक लावून पसरा, वर एक फूट सोडा, झालं! ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू तेवढं अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्यात विचार कसला करणार? म्हणून मारणारी मुलगी समोरच्या हाताच्या वेगावरूनच अंदाज बांधते. चेंजअपची सगळी गंमत इथेच आहे. हात जोराच्या चेंडूइतकाच भरधाव फिरवायचा, चेंडू मात्र सावकाश निघाला पाहिजे.

तो कसा निघतो, ते लाडवांवरून सांगते. वळून झालेला लाडू आपण बोटांच्या टोकांनी उचलतो ना, तसा जोराचा चेंडू धरायचा. हात खांद्यातून रहाटासारखा एक पूर्ण गोल फिरतो नि कमरेपाशी मनगटाचा झटका बसून चेंडू सुटतो. चेंजअपला चेंडू लाडू वळताना असतो तसा तळहातात आत दाबून धरायचा, मनगट ताठ ठेवायचं, झटका द्यायचा नाही. चेंडूचा वेग तिथेच मरतो. याच्या आणखीही तऱ्हा आहेत, पण मला हीच जमली.

ऐकायला सोपं वाटतं. पण चेंडू हळू टाकायचा म्हटलं की हातही आपोआप हळू होतो! "आई, तुझा हात आधीच चहाडी करतो," लेक म्हणायची. मग गच्चीच्या भिंतीला जुनी गादी उभी केली. पहाटे पाण्याची मोटर लावायला जायचंच असे. तेव्हाच वीस जोराचे, वीस हळू. आधी खांदे गोल फिरवून मोकळे करायचे, खांदा दुखला की त्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या आठवड्यात दोन्हींना हात सारखा फिरू लागला.

"या वयात कशाला?" असं शेजारी विचारत. जपानच्या युकिको उएनो यांनी २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये चेंडू टाकून देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. नंतर हा खेळच ऑलिंपिकमधून गेला. तो २०२१ साली टोकियोत परत आला, तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून त्यांनी पुन्हा सुवर्ण मिळवलं. माझी काही त्यांच्याशी बरोबरी नाही, पण शेजाऱ्यांना सांगायला बरं पडतं.

गेल्या रविवारी मैदानावर मी ओळीने तीन चेंडू जोरात टाकले, चौथा हळू. लेकीची बॅट खांद्याशीच थांबली. क्षणभर वाट बघून तिने असा फटका मारला की मी खालीच बसले. हे सुट्टी म्हणून आले होते. काही बोलले नाहीत.

निवड पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते होईल. काल हे दहावीच्या क्लासची चौकशी करून आले. सकाळच्या बॅचला जागा होती म्हणे, पण नाव संध्याकाळच्या बॅचला घालून आलेत.